खिडकीच्या कोणत्या बाजूला बसणार? बसच्या धंद्यातून सत्तेत गेलेल्यांना खुले पत्र

प्रति,
मध्य प्रदेशातले ते सर्व लोकप्रतिनिधी, ज्यांच्या घरच्या बसगाड्या रस्त्यावर धावतात,
आणि राज्याचे परिवहन खाते.

सादर नमस्कार.

इंदूरच्या सरवटे बसस्टँडवर एका खासगी बस-मालकाच्या बुकिंग खिडकीत मी बत्तीस वर्षे बसलो, १९८४ ते २०१६. आपल्यापैकी काही जण मला चेहऱ्याने ओळखतात, दोघातिघांच्या घरी मला अजून चहा मिळतो. हे सगळे मी तिथे बसूनही बोलू शकलो असतो. पण हा विषय बैठकीत मिटवण्याचा नाही. फलाटावर उभ्या असलेल्या माणसानेही तो वाचावा, म्हणून उघड लिहितो आहे.

थंडीतल्या एका सकाळची गोष्ट. माझी मुलगी खंडव्याच्या रस्त्यावरच्या बडवाहला दिली आहे. नातवाच्या मुंजीच्या तयारीसाठी आम्ही दोघे निघालो होतो. साडेसातला स्टँडवर पोचलो तर खंडव्याकडची एकही गाडी नाही. साडेसातची गेली नाही, आठची लागली नाही, सव्वाआठचा पत्ता नाही. माणसे मात्र दोनशेच्या घरात. एका जुन्या ओळखीच्या कंडक्टरने जवळ येऊन हळूच सांगितले, "दादा, आज सगळ्या गाड्या सभेला लागल्यात."

आमच्या शेजारी सनावदचे एक जोडपे होते. नवऱ्याचे आदल्या दिवशी डायलिसिस झालेले, रात्र धर्मशाळेत काढलेली. साडेअकराला एक पिकअप मिळाली, मागे कोबीची रिकामी पोती. त्या बाईंनी नवऱ्याला पोत्यांवर बसवले आणि स्वतः फळी धरून उभ्या राहिल्या. निघताना मला म्हणाल्या, "काका, आज गाड्या नाहीत हे काल कोणी सांगितले असते, तर आम्ही कालच निघालो असतो ना?"

मला उत्तर देता आले नाही. सभेला गाड्या कशा लागतात हे त्या स्टँडवरच्या कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होते. मी स्वतः त्या लावल्या आहेत.

माझे वडील 'रोडवेज'मध्ये कंडक्टर होते. मध्य प्रदेश राज्य परिवहन निगम १९६२ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी ते नोकरीला लागले. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. आमच्या घरातले घड्याळ रोडवेजच्या वेळापत्रकावर चालायचे. तीन सवाऱ्या असोत की साठ, गाडी वेळेला सुटायची. निमाडातल्या कितीतरी गावांना मुक्कामी गाडी असे. रात्री तिथेच थांबायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायची. बाळंतीण, कोर्टाची तारीख, मंडईतली भाजी, सगळे त्या पहाटेच्या गाडीवर. रोडवेजचे दोषही मी पाहिले. फाटक्या सीटा, वाटेत बंद पडणाऱ्या गाड्या, वरपासून खालपर्यंत गळती. २००५ मध्ये सरकारने निगम बंद करण्याचे ठरवले, तेव्हा ते खरोखरच तोट्यात बुडाले होते. पण तोट्याबरोबर मुक्कामी गाडीही गेली, आणि तिच्याबद्दल विधानसभेत कोणी किती वेळ बोलले असेल, मला शंका आहे.

मी ज्यांच्याकडे नोकरी केली त्यांचे नाव लिहीत नाही. आम्ही त्यांना सेठ म्हणत असू. ते आज हयात नाहीत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही आदर आहे. ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात केलेला माणूस. चौथीपर्यंत शाळा. जुनी टाटा गाडी घेतली, तीही दोघांच्या भागीदारीत. रोडवेजच्या राष्ट्रीयीकृत मार्गांवर खासगी गाडीला मज्जाव होता, म्हणून रोडवेज जात नव्हती अशा कच्च्या रस्त्यांवर त्यांनी गाडी घातली. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की स्वतः उतरून काठीने पाणी मापायचे, आणि मगच ड्रायव्हरला हात दाखवायचे. परीक्षेला निघालेल्या पोरांकडून अर्धे भाडे घ्यायचे. इंदूरहून औषधाची पुडी न्यायची असली तर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवायचे, पैसे नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी दोन तास थांबवली तरी कुरकुर नाही. कोणत्या गावात कोणाची म्हैस व्याली हेसुद्धा त्यांना माहीत असे.

असा माणूस निवडणुकीला उभा राहिला तर लोक मत देणारच. १९९४ साली ते पहिल्यांदा निवडून आले, मग वरच्या पदांवर गेले. त्या दिवशी मी आणि आमचा सगळा स्टाफ गाडीच्या टपावर चढून नाचलो होतो. आमच्यातला एक माणूस आता साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसेल, आपले दुखणे त्याला समजावून सांगावे लागणार नाही, असे आम्हाला मनापासून वाटले.

धंदेवाईकाने राजकारणात येऊ नये असे मी म्हणत नाही, हे इथेच स्पष्ट करतो. कर्नाटकातल्या गदगचे विजय संकेश्वर यांचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरचा धंदा छपाईचा. त्यांनी १९७६ साली एका ट्रकवर वाहतूक सुरू केली, तिची विजयानंद रोडलाइन्स झाली. १९९६, १९९८ आणि १९९९ असे तीनदा ते धारवाड उत्तरमधून लोकसभेवर गेले, पुढे 'कन्नड नाडू' हा स्वतःचा प्रादेशिक पक्ष काढला, आणि तो चालला नाही तरी माणूस थांबला नाही. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ठाण्यात रिक्षा चालवलेला माणूस २०२२ साली महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला, तेव्हा आमच्या लोकमान्य नगरच्या कट्ट्यावरही पेढे वाटले गेले. स्टिअरिंग धरलेला हात कायद्याच्या कागदावर सही करतो यात मला अभिमानच वाटतो. माझी तक्रार त्या सहीनंतरच्या गोष्टींबद्दल आहे.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो. सेठ निवडून आले त्याच वर्षी आमच्या गाड्यांच्या पुढच्या काचेवर पक्षाचा झेंडा लागला, आणि चेकिंगवाल्यांनी आमच्या गाडीला हात दाखवणे बंद केले. बावन्न सीटच्या गाडीत ऐंशी माणसे बसू लागली. वेबिलवर, म्हणजे फेरीतल्या सवाऱ्यांच्या नोंदीच्या कागदावर, मी बावन्नच लिहायचो. मला कोणी तसे सांगितले नव्हते. सांगावे लागले नाही, इतके ते सोपे झाले होते.

आणि दुसरी गोष्ट, जी मला अजून झोपू देत नाही. एका मार्गावर आमच्या गाडीच्या दहा मिनिटे आधी एका एकट्या मालकाची गाडी सुटायची. त्याच्याकडे ती एकच गाडी, तीही कर्जाची. स्वतः चालवायचा, मेहुणा कंडक्टर. बसच्या धंद्यात सगळा खेळ टायमिंगचा असतो. दहा मिनिटे पुढची गाडी रस्त्यावरच्या सगळ्या सवाऱ्या उचलते, मागची रिकामी जाते. आमच्याकडून टायमिंग बदलण्याचा अर्ज गेला. तो अर्ज मीच टाइप करवून आणला आणि मीच कार्यालयात नेऊन दिला. बाबूने वरच्या कोपऱ्यातले नाव पाहिले आणि मला बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापूर्वी त्या कार्यालयात मला कधी खुर्ची मिळाली नव्हती. महिन्याभरात आमची गाडी पुढे आणि त्याची मागे झाली. सुनावणीला तो आला होता, हातात कागदांची पिशवी घेऊन बाहेर बाकावर बसला होता. त्याचे म्हणणे किती मिनिटे ऐकले गेले ते मी पाहिले आहे. आठ महिन्यांत त्याने गाडी विकली. पुढे तो आमच्याच एका गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागला. रोज सकाळी माझ्या खिडकीतून वेबिल घ्यायचा आणि मला नमस्कार करायचा.

सेठ वाईट नव्हते. त्या ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नात त्यांनी सढळ हाताने मदत केली. पण एका हाताने जे गेले ते दुसऱ्या हाताने मदत म्हणून परत देता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मीही नाही.

कायद्याने हे ओळखले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ६८ वाचा. वाहतूक व्यवसायात मालक, नोकर किंवा अन्य कोणत्याही नात्याने ज्याचा आर्थिक संबंध आहे, अशा माणसाला राज्य किंवा प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचा सदस्य होता येत नाही. सदस्य असताना असा संबंध आला तर चार आठवड्यांत लेखी कळवून पद सोडावे लागते. परवाने आणि टायमिंग ठरवणाऱ्या टेबलावर बसवाल्याने बसू नये, एवढी साधी गोष्ट. पण त्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याची बदली ज्यांच्या शब्दावर होते, त्यांच्याबद्दल कलम गप्प आहे. आमचा अर्ज मंजूर झाला तेव्हा सेठ त्या टेबलावर बसलेले नव्हते. त्यांना बसण्याची गरजच नव्हती.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. सरकार स्वतः गाड्या घेणार नाही; गाड्या खासगी मालकांच्या, मार्ग आणि देखरेख सरकारी कंपनीची. इंदूरच्या सिटी बसला वीस वर्षे याच पद्धतीने चालताना आम्ही पाहिले आहे, आणि देखरेख खरी असेल तेव्हा ती बरी चालते हेही पाहिले आहे. कल्पना मला मान्य आहे. मला भीती आहे ती एवढीच, की मार्गांचे गट पाडताना, करार लिहिताना, दंड माफ करताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना तीच घरे असतील. असे झाले तर रोडवेजच्या काळात जे थोडेफार सवारीचे होते, तेही उरणार नाही.

आता तक्रारी, एकेक करून.

पहिली, सभेच्या गाड्यांची. परमिट असलेली, वेळापत्रकात असलेली गाडी मार्गावरून काढून सभेला पाठवली जाते. त्याचे पैसे मिळतात, कधी मिळत नाहीत. छोटा मालक नाही म्हणू शकत नाही. इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्यांना तर दुसरा रस्ताच नाही. पूर्वी महूहून रेल्वेची छोटी लाइन होती. पाताळपाणी, कालाकुंड करत गाडी घाट उतरायची, उशीर करायची, पण पोचवायची. रुंदीकरणासाठी २०२३ च्या सुरुवातीला महू-ओंकारेश्वर रोड गाडीही बंद झाली. आज सिमरोल, चोरल, बडवाहच्या माणसाला बस म्हणजे बसच. ती सभेला गेली की त्याचा दिवस गेला. कधी त्याहून जास्त जाते.

दुसरी, तपासणीची. २०२१ च्या फेब्रुवारीत सीधीला बस कालव्यात गेली, पन्नासहून अधिक माणसे बुडाली. गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त सवाऱ्या होत्या. २०२३ च्या मे महिन्यात खरगोनहून इंदूरला येणारी गाडी पुलावरून कोसळली, वीसहून अधिक गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुन्याजवळ डंपरशी धडकून बस जळाली, तेरा माणसे गेली, आणि गाडीची फिटनेस व विमा दोन्ही संपलेले होते असे पुढे आले. प्रत्येक वेळी पंधरा दिवस मोहीम निघते, स्टँडवर पांढऱ्या गणवेशातली माणसे दिसतात, टपावरचे सामान उतरवले जाते. सोळाव्या दिवशी मी जे वेबिल लिहायचो तेच वेबिल कोणीतरी लिहितो.

तिसरी, स्टाफची. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता; २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या कायद्यातही लिहिलेले होते: दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. रात्रीची स्लीपर गाडी नेणारा आणि सकाळी तीच गाडी धुऊन दुपारी परत घेऊन निघणारा ड्रायव्हर मी आपल्याला नावानिशी दाखवू शकतो. भेरूघाटात त्याचा डोळा लागला, तर दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'चालकाची चूक' एवढेच येईल.

चौथी लहान आहे. स्टँडवर भाड्याचा अधिकृत तक्ता दिसेल अशा जागी नाही. सणाच्या आठवड्यात भाडे कोण ठरवते, हे विचारणाऱ्याला "उतरा मग" असे उत्तर मिळते.

जिथे मी हे सगळे पाहिले, त्या स्टँडला विनायक सीताराम सरवटे यांचे नाव आहे. आमची पिढी त्यांना तात्या सरवटे म्हणून ओळखते. मराठी माणूस, इंदूरचा, संविधान सभेचा सदस्य, १९६६ चा पद्मभूषण. जुनी इमारत पाडून नवी झाली, नाव तेच राहिले, चांगले झाले. माझे वडील त्या नावाखाली ड्यूटीवर उभे राहायचे तेव्हा टोपी नीट करून उभे राहायचे. देशाचे संविधान लिहिणाऱ्या सभेत बसलेल्या माणसाच्या नावाच्या स्टँडवर, गाडी आहे की नाही हे सवारीला कंडक्टरच्या कानगोष्टीतून कळावे, हे मला सहन होत नाही.

माझ्या मागण्या अशा.

आपल्या, आपल्या पत्नीच्या, मुलांच्या, भावांच्या नावावर किंवा भागीदारीत किती गाड्या आहेत, कोणत्या मार्गांची परमिटे आहेत, हे दर वर्षी जाहीर करा. निवडणुकीच्या शपथपत्रात वाहने लिहावी लागतातच. पण ते कागद कोण शोधत बसतो? जिल्ह्याच्या मुख्य बसस्टँडवर फलकावर लावा.

नव्या सेवेत ज्या टेबलावर मार्ग, फेऱ्या, भाडे, दंड ठरतील, तिथून कलम ६८ च्याच न्यायाने बाजूला व्हा. आपण स्वतःही आणि आपल्या वतीने बोलणारेही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ९-अ सरकारला माल पुरवणे आणि सरकारची कामे घेणे यांबद्दल बोलते. सरकारी कंपनीच्या करारावर बस चालवणे त्या शब्दांत येते की नाही, यावर वाद घालायला वकील पुढे येतील. त्याआधी शासनानेच करारात लिहावे की पदावर असलेल्याला आणि त्याच्या घरच्यांना हा करार मिळणार नाही. ज्यांना धंदा करायचा आहे त्यांनी तो उघड करावा, ज्यांना पदावर राहायचे आहे त्यांनी पदावर राहावे. खिडकीच्या आत आणि बाहेर एकच माणूस बसू शकत नाही.

एक गाडी असलेल्या मालकाला नव्या सेवेत जागा ठेवा. निविदेच्या अटी अशा नसाव्यात की शंभर गाड्यांचा मालकच त्या पुऱ्या करू शकेल. आपण सगळे कधीतरी एका गाडीचे मालक होता.

मार्गावरची गाडी सभेला, मेळाव्याला, कोणत्याही पक्षाच्या कार्यक्रमाला नेऊ नये. शासकीय कामासाठी न्यावीच लागली तर दोन दिवस आधी स्टँडवर आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर पाटी, आणि निम्म्या फेऱ्या तरी चालू.

मुक्कामी गाडी परत सुरू करा. सगळीकडे शक्य नाही, मला धंदा कळतो. प्रत्येक तालुक्यात दोन गावांपासून सुरुवात करा आणि तिचा तोटा कंपनीने सोसावा. तोटा सोसायचाच नसेल तर सरकारी कंपनी कशासाठी काढली?

आणि भाड्याचा तक्ता. तो तर उद्या सकाळीही लावता येईल.

सेठ शेवटच्या आजारात असताना मी त्यांना भेटायला गेलो होतो. बोलणे कमी झाले होते. त्यांनी विचारले, "पहाटेची गाडी सुटली का?" ती गाडी बंद होऊन दहा वर्षे झाली होती. मी "हो" म्हणालो.

सनावदच्या त्या बाईंचा फोन नंबर मी पिकअप निघण्याआधी घेऊन ठेवला आहे. त्यांच्या नवऱ्याला आठवड्यातून दोनदा इंदूरला यावे लागते. थांब्यांवर पाट्या लागेपर्यंत, ज्या दिवशी गाड्या सभेला जाणार असतील त्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्या कार्यालयातून कोणीतरी मला कळवा. मी त्यांना फोन करीन.

आपला,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क
लोकमान्य नगर, इंदूर